यर्टला घराचा परवाना: गोल तंबू आजच्या बांधकाम नियमांत कसा बसवायचा

गेर म्हणजे मंगोल भटक्यांचं गोल, घडी करता येणारं तंबूघर; अशा घरांना जगभर यर्ट म्हणतात. जाणतं कुटुंब दोन-तीन तासांत गेर उभं करतं. त्याच गेरला कायमच्या घराचा परवाना मिळवायला मात्र महिने जातात. त्यातला बराचसा वेळ वाया जातो, कारण अर्जदार आणि नकाशे तपासणारा माणूस वेगवेगळ्या भाषांत बोलत असतात. अर्जदार सांगतो, ‘असली घरं माळरानावरच्या वादळांत शतकानुशतकं टिकली आहेत.’ तपासनीस विचारतो, ‘छतावरचा बर्फाचा भार जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो?’ पहिलं विधान खरं आहे, पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. उत्तर गेरच्या रचनेतच दडलेलं असतं. ते आकड्यांत मांडायचं काम अर्जदाराचं.

खालचे आकडे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी कमीअधिक फेरफार करून स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेतले, म्हणजे आयआरसीतले आहेत. मोठ्या आणि व्यावसायिक इमारतींची संहिता आयबीसी. तुमच्या जागेला दुसरी संहिता लागू असेल तर आकडे बदलतील, पण प्रश्न जवळजवळ हेच येतील.

आधी सांगाडा ओळखून घ्या

मंगोल गेरमध्ये घडी होणाऱ्या लाकडी जाळीच्या भिंतीला खाना म्हणतात, वाशांना उनी, माथ्यावरच्या कड्याला तोनो आणि त्याखालच्या दोन खांबांना बगाना. किरगीझ लोक जाळीला केरेगे आणि कड्याला तुंदुक म्हणतात. हा तुंदुक त्यांच्या राष्ट्रध्वजावरही आहे. गेर बांधण्याच्या कौशल्याला २०१३ मध्ये आणि किरगीझ-कझाक यर्टच्या कौशल्याला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

या दोन घराण्यांतला फरक परवान्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मंगोल गेरचं छत बसकं, वासे सरळ आणि तोनो जड, म्हणून त्याला खांबांचा आधार लागतो. किरगीझ वासे खालच्या टोकाला वाकवलेले, छत उभट, आणि मधे खांब नाही.

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. तोनो हा तुंबा, वासे हे आरे, आणि भिंतीच्या माथ्यावरून फिरणारा पट्टा ही लोखंडी धाव. वासे बाहेर सरकू पाहतात, धाव त्यांना आवळून धरते, आणि त्या दाबाखाली मधला तुंबा घट्ट होतो. पारंपरिक यर्टमध्ये ही धाव विणलेल्या पट्ट्यांची किंवा दोरांची असते, आधुनिक यर्टमध्ये पोलादी केबलची. धाव तुटली तर सगळं चाक उलगडतं. तुमच्या फाइलमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान या धावेबद्दलचं असणार आहे.

पायरी १: हे नेमकं काय आहे, ते ठरवा

यर्ट विकत घेऊन मग परवान्याला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: किती दिवस उभा राहणार, आत कोणी झोपणार का, आणि भाड्याने देणार का.

आयबीसीत कापडी आवरणाच्या रचनांसाठी वेगळं कलम आहे, ३१०२. रचना १८० दिवस किंवा त्याहून जास्त उभी राहणार असेल तर ते लागू होतं. त्याहून कमी काळाच्या तंबूंना अग्निसंहिता लागते. पाहुण्यांना भाड्याने द्यायचा असेल तर प्रकरण आयआरसीतून निघून आयबीसीत जाऊ शकतं, आणि तिथे आग, वाटा, अपंगांसाठीच्या सोयी यांचे प्रश्न वाढतात.

‘लहान असेल तर परवाना लागतच नाही’ असं पुष्कळ जण ऐकून येतात. आयआरसीत स्वतंत्र, एकमजली जोडइमारतीला २०० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १८.६ चौरस मीटरपर्यंत, परवान्यातून सूट आहे. गोल घराच्या हिशेबात हा व्यास ४.८७ मीटर होतो. पण ही सूट अवजारांच्या खोलीला किंवा कामाच्या शेडला आहे, राहत्या घराला नाही. शिवाय सूट परवान्यापुरती आहे, नियमांपासून नव्हे. तिथे राहायचंच असेल तर तसं सरळ सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवलं तर पहिल्या तपासणीतच पलंग आणि शेगडी दिसते.

उपयोगाची दोन कलमं आहेत. २०१८ च्या आयआरसीत परिशिष्ट क्यू आलं. ते ४०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ३७ चौरस मीटरपर्यंतच्या घरांसाठी काही अटी सैल करतं. व्यासात सांगायचं तर ६.८६ मीटरपर्यंतचा यर्ट त्यात बसतो. मात्र परिशिष्टं आपोआप लागू होत नाहीत. तुमच्या भागाने ते स्वीकारलंय का, हे विचारून घ्या. दुसरं कलम, २०२१ पर्यंतच्या आवृत्त्यांतलं आर १०४.११. संहितेत न लिहिलेली सामग्री किंवा पद्धत तितकीच सुरक्षित असल्याचं दाखवलं तर ती मंजूर करण्याचा अधिकार हे कलम अधिकाऱ्याला देतं. यर्टचा अर्ज बहुधा याच दारातून आत जातो.

पायरी २: जागा

अग्निरोधक स्प्रिंकलर नसलेल्या घराची बाहेरची भिंत हद्दीपासून ५ फुटांच्या, म्हणजे १.५२ मीटरच्या आत आली, तर ती एक तास आगीला टिकणारी हवी. कापडी भिंत हे कधीच करू शकणार नाही. तेव्हा दूर सरका. मोकळी जागा ही सगळ्यात स्वस्त अग्निरोधक भिंत आहे.

पायरी ३: भाराची वाट आकड्यांत मांडा

अंतिम गणित परवानाधारक अभियंत्यानेच करायचं आणि त्यावर सही करायची. तरी ढोबळ हिशेब स्वतः करून पाहावा. त्याने अभियंत्याशी नीट बोलता येतं, आणि कुठला यर्ट घ्यायचा हेही ठरतं.

६ मीटर व्यासाचा यर्ट घ्या. क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर. बर्फाचा भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन आणि छताचं स्वतःचं वजन ०.३, म्हणजे एकूण १.८. छतावर ५१ किलोन्यूटन आले, म्हणजे पाच टनांहून थोडं जास्त.

छताचा उतार ३० अंश आणि मधे खांब नाही असं धरा. तोनोची त्रिज्या सोडून दिली तर भिंतीच्या माथ्यापासून शिखर १.७३ मीटर उंच. वाशांच्या पाचराकार पट्टीचा गुरुत्वमध्य भिंतीपासून त्रिज्येच्या एक तृतीयांशावर, म्हणजे १ मीटरवर. म्हणून बाहेर ढकलणारा एकूण जोर ५१ × १ ÷ १.७३, म्हणजे सुमारे २९.५ किलोन्यूटन. केबलमधला ताण काढायला त्याला २π ने भागा: ४.७ किलोन्यूटन. हे साधारण ४८० किलो वजन टांगल्यासारखं आहे.

आता तेच छत १५ अंशांचं करा. शिखर ०.८ मीटरवर येतं आणि केबलचा ताण १० किलोन्यूटनच्या वर जातो. उतार निम्मा केला की ताण दुपटीहून जास्त. बसक्या छताच्या मंगोल गेरमध्ये खांब का असतात, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

खांब दिले की केबलचा ताण खूप उतरतो, पण भार नाहीसा होत नाही. छताच्या एकूण भाराचा एक तृतीयांश, म्हणजे १७ किलोन्यूटन, दोन खांबांवर येतो. एकेका खांबाखाली ८.५ किलोन्यूटन, जवळपास ८७० किलो. जोत्याच्या फळीवर हे खांब नुसते ठेवून चालणार नाही. प्रत्येकाखाली स्वतंत्र पाया हवा. खांबाचं टोक थेट फळीवर टेकलेलं दिसलं की तपासनीस तिथेच थांबतो, आणि तो बरोबर असतो.

दोन गोष्टी इथे हटकून राहून जातात. एक म्हणजे केबलची टोकं. चांगली केबल लागतो त्याच्या कितीतरी पट ताण पेलते, पण क्लॅम्प उलटा बसला की ती सुटते. म्हणून टोकांच्या जोडाचा तपशील नकाशात वेगळा काढा. दुसरी, एकाच बाजूला साचणारा बर्फ. वारा एका बाजूचा बर्फ उडवतो आणि दुसरीकडे ढीग घालतो. तेव्हा तुंब्यावरचा दाब सम राहत नाही आणि कडं वाकू पाहतं. वरचं गणित फक्त सम भाराचं आहे. विषम भाराचा हिशेब अभियंत्याकडून मागून घ्याच.

जाळीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. संहितेला भार घेणारं लाकूड प्रतवारीचा शिक्का असलेलं लागतं. हाताने तासलेल्या, कच्च्या चामड्याच्या गाठींनी जोडलेल्या जाळीवर असा शिक्का नसतो. तिची ताकद सिद्ध करायला चाचण्या घ्याव्या लागतील, आणि त्यात पैसे खूप जातात. माझ्या मते सरळ मार्ग हा: जाळी ठेवा, पण नकाशात तिला भार देऊ नका. प्रत्येक वाशाखाली प्रतवारीचा उभा दांडा द्या, तो जाळीच्या आतून जोत्याला बांधा, आणि बर्फाचा भार त्या वाटेने खाली न्या. जाळी कापड ताणून धरायला उरते. परंपरा मानणाऱ्यांना हे खटकेल. मलाही खटकतं. पण फाइल पुढे सरकते. दांड्यांची रांग आडव्या जोराने कलंडू नये म्हणून तिरपे ताण किंवा वाकवलेलं पातळ प्लायवुड लागेल, हे मात्र विसरू नका.

पायरी ४: वाऱ्याला धरून ठेवणं

गोल आकार वाऱ्याला कापतो हे खरं. भिंतीवरचा जोर त्याने कमी होतो. छत मात्र वर उचललं जातं. सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ०.९८ किलोन्यूटन होतो. उचलण्याचा गुणक ०.८ धरला तर आपल्या यर्टचं छत २२ किलोन्यूटनने वर ओढलं जातं. छताचं स्वतःचं वजन फक्त ८.५, आणि संहिता तेही पूर्ण मोजू देत नाही. उरलेले निदान १४ किलोन्यूटन जमिनीत बांधावे लागतात.

मंगोल घरांत यासाठी चागतागा असतो, तोनोतून खाली सोडलेला दोर. वादळात त्याला वजन बांधतात किंवा माणसं धरून बसतात. कल्पना अगदी योग्य. फक्त ‘माणसं धरून बसतील’ हे नकाशात लिहिता येत नाही. म्हणून वाशापासून दांड्याला, दांड्यापासून जोत्याच्या कडीला आणि कडीपासून पायाला धातूची पट्टी किंवा बोल्ट, अशी न तुटणारी साखळी दाखवा. एक सांधा जरी नुसत्या खिळ्यावर राहिला, तरी बाकीच्या सगळ्या बोल्टांना अर्थ उरत नाही.

पायरी ५: जोतं

कायमचा यर्ट जमिनीवर टेकत नाही, जोत्यावर बसतो. पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्या, नाहीतर हिवाळ्यात एक बाजू वर येते आणि दाराची चौकट अडकते. जोतं जमिनीपासून ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटरहून उंच झालं तर भोवतीच्या मोकळ्या जागेला किमान ९१४ मिलिमीटर उंच कठडा लागतो. थोडं खाली ठेवलं तर तो खर्च वाचतो.

जोतं यर्टच्या व्यासाएवढंच गोल कापा आणि भिंतीचं कापड त्याच्या कडेवरून खाली लोंबू द्या. चौकोनी ओटा करून त्यावर गोल यर्ट ठेवला तर भिंतीवरून ओघळलेलं पाणी ओट्यावर थांबतं आणि आत शिरतं. बाहेर बसायला ओटा हवा असेल तर तो वेगळा, थोडा खालच्या पातळीवर बांधा.

पायरी ६: दार, खिडकी, उंची

पारंपरिक दार बुटकं असतं. वाकून आत यायचं आणि उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, अशी रीत. आयआरसीला बाहेर पडण्याचं मुख्य दार बिजागरीचं, किमान ८१३ मिलिमीटर रुंद आणि १९८१ मिलिमीटर उंच मोकळी वाट देणारं हवं.

अडचण अशी की भिंत दीड मीटरची आणि दार दोन मीटरचं, म्हणजे दार धाव तोडतं. केबल दाराच्या दोन बाजूंना येऊन थांबते आणि चौकटीला दोन्हीकडून ओढते. मघाचे ४.७ किलोन्यूटन आता चौकटीच्या उभ्या बाजूंना वाकवू लागतात. चौकट तेवढी भक्कम करा, किंवा भिंतच २.१ मीटरपर्यंत उंच घेऊन केबल दारावरून अखंड न्या. आधुनिक यर्ट बहुतेक दुसरा मार्ग घेतात. भिंत उंच झाली की वाऱ्याला तोंड देणारा पृष्ठभाग वाढतो, हा त्याचा हिशेब.

छताच्या उंचीची भीती मात्र बहुधा अनाठायी असते. संहितेला राहत्या खोलीत २१३४ मिलिमीटर उंची हवी, पण उतरत्या छताला सवलत आहे. खोलीच्या किमान आवश्यक क्षेत्रफळाच्या निम्म्या भागात ती उंची मिळाली आणि त्या आवश्यक भागात कुठेही १५२४ मिलिमीटरहून कमी नसली की पुरे. आवश्यक क्षेत्रफळ फक्त ६.५ चौरस मीटर. आपल्या यर्टची भिंत दीड मीटर आणि उतार ३० अंश असला तरी मधल्या ११ चौरस मीटरहून जास्त भागात पूर्ण उंची मिळते. हे वर्तुळ नकाशावर तुटक रेषेने काढून दाखवा. प्रश्न तिथेच मिटतो.

उजेडासाठी जमिनीच्या ८ टक्के काच लागते, आपल्या यर्टला २.२६ चौरस मीटर. तोनो दीड मीटर व्यासाचा असेल तर त्याचंच क्षेत्र १.७७ येतं. एक खिडकी जोडली की झालं. हवेसाठी ४ टक्के भाग उघडणारा हवा, म्हणून तोनोवरचा घुमट हँडलने उघडणारा घ्या.

झोपण्याच्या जागेतून संकटात बाहेर पडण्याची वाट हवी. जमिनीलगतच्या मजल्यावर किमान ०.४६ चौरस मीटर मोकळी, ६१० मिलिमीटर उंच, ५०८ रुंद, आणि खालची कड १११८ च्या वर नाही. इथे एक हमखास चूक होते: ६१० × ५०८ ची खिडकी घेतली तर क्षेत्र ०.३१ च भरतं. दोन्ही किमान मापं एकदम चालत नाहीत. शिवाय ती आतून किल्ली किंवा अवजाराशिवाय उघडली पाहिजे. ही खिडकी दाराच्या अगदी समोरच्या बाजूला ठेवा. शेगडी दाराजवळ पेटली तर माणूस पळणार दुसरीकडेच.

पायरी ७: आग आणि धूर

बाहेरच्या कापडाला एनएफपीए ७०१ या ज्वालाचाचणीचं प्रमाणपत्र लागतं. लोकरीचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला जाड थर, सहज पेट घेत नाही, ज्वाला काढली की बहुधा विझतो. पण प्रमाणपत्राशिवाय हे सांगून उपयोग नाही. सुती कॅनव्हासवरचा अग्निरोधक लेप पावसापाण्याने उतरतो, तो पुन्हा द्यावा लागतो. आतल्या अस्तराचा ज्वालाप्रसार निर्देशांक २०० च्या आत आणि उष्णतारोधकाचा २५ च्या आत हवा. विक्रेत्याकडून हे कागद पैसे देण्याआधी घ्या.

शेगडीचं धुराडं पारंपरिक पद्धतीने तोनोतून वर जातं. ते कारखान्यात बनलेलं, दुहेरी आवरणाचं, प्रमाणित धुराडं असेल तर चालेल. पण बरेच जण ते भिंतीतून बाहेर काढून स्वतंत्र आधारावर वर नेतात, म्हणजे छताच्या कापडाला भोक पडत नाही. मग उंचीचा नियम आड येतो: ३.०५ मीटरच्या परिघात जे काही सगळ्यात उंच असेल त्यापेक्षा धुराडं ६१० मिलिमीटर वर हवं. आपल्या यर्टचं शिखर ३.२३ मीटरवर आहे आणि भिंतीपासून ३ मीटरवर. त्यामुळे भिंतीलगतचं धुराडं ३.८४ मीटरपर्यंत न्यावंच लागतं, आणि एवढी उंच नळी आधाराशिवाय उभी राहत नाही. चाचणी-शिक्का नसलेल्या शेगडीपासून जळणाऱ्या वस्तू ९१४ मिलिमीटर दूर ठेवा. लहान यर्टमध्ये एवढ्याने बरीच जागा जाते. त्यामुळे कमी अंतराला मंजुरी असलेली शेगडी महाग असली तरी परवडते.

धुराचा अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही लावा. जुन्या गेरमध्ये तोनो अर्धवट उघडा असायचा, नमद्यातून हवा खेळायची. आपण तेच घर घट्ट बंद करतो आणि आत तशीच शेगडी पेटवतो. अलार्म शिखराच्या अगदी टोकाला नको. वरचे १०० मिलिमीटर सोडून, पण शिखरापासून ९०० च्या आत.

पायरी ८: ऊब आणि ओल

इथे यर्ट खरोखर कमी पडतो, आणि तसं मान्य करावं. लोकरीच्या नमद्याची उष्णतावाहकता साधारण ०.०४ आहे. २५ मिलिमीटर जाडीला उष्णतारोध ०.६ च्या आसपास येतो. थंड प्रदेशात भिंतीला आर-२० (आर हे उष्णतारोधाचं अमेरिकी माप) मागितलं तर मेट्रिकमध्ये ३.५ लागतात, म्हणजे १४ सेंटिमीटर नमदा. चकचकीत फुग्यांची पातळ चादर एवढं काम करत नाही. तिच्यासमोर हवेची पोकळी नसेल तर तिच्या चकाकीचा फायदा जवळपास संपतो.

ऊर्जासंहितेत फार कमी ऊर्जा वापरणाऱ्या इमारतींना सूट आहे, दर चौरस मीटरला १०.७ वॉटपेक्षा कमी. आपल्या यर्टला ते ३०० वॉट होतात, इस्त्रीहूनही कमी. ही सूट न तापवलेल्या यर्टसाठीच समजा. राहत्या यर्टला उभ्या दांड्यांमधली जागा भरा, छतात वाशांच्या खोलीएवढा थर द्या, जोत्याखाली भरपूर उष्णतारोधक घाला, आणि संपूर्ण घराची एकत्रित उष्णताहानी मोजून मंजुरी मागा. जोत्याखाली जास्त दिलं तर भिंतीत थोडं कमी चालतं.

नमदा श्वास घेतो, प्लास्टिकचं कापड घेत नाही. आतली वाफ बाहेरच्या थंड कापडाखाली गोठते आणि ऊन पडलं की अंथरुणावर ठिबकते. वाफरोधक थर उबेच्या, म्हणजे आतल्या बाजूला लावा. बाहेरचं कापड आणि उष्णतारोधक यांच्यात भिंतीच्या माथ्यापासून तोनोपर्यंत हवेला वाट ठेवा.

पायरी ९: वीज, पाणी

तारा जाळीवरून नेऊ नका. जोत्यातून आणि आतल्या आडभिंतींतून न्या. वीजसंहितेप्रमाणे भिंतीलगतची कुठलीही जागा प्लगपासून १.८ मीटरहून दूर नको, आणि जमिनीतला प्लग भिंतीपासून ४५० मिलिमीटरच्या आत असेल तरच मोजला जातो. न्हाणीघराच्या भिंती स्वतःच्या पायावर उभ्या करा, जाळीला किंवा वाशांना अजिबात बांधू नका. माळ्याचंही तेच. नळ बाहेरच्या भिंतीत गोठतात, ते मधल्या आडभिंतीत ठेवा.

पायरी १०: फाइल

नकाशे देण्याआधी तपासनीसाला भेटून अर्धा तास मागा. सोबत भाराच्या वाटेचं एकच चित्र न्या, बाण काढलेलं: बर्फ, वासा, केबल, दांडा, बोल्ट, पाया. मग त्याचे आक्षेप लिहून घ्या आणि फाइल त्याच क्रमाने लावा. जिथे संहितेतलं कलम सरळ पाळलंय तिथे कलमाचा क्रमांक द्या. जिथे पाळता येत नाही तिथे आर १०४.११ चा आधार घेऊन पर्यायाची सुरक्षितता दाखवा, अभियंत्याच्या सहीसकट. अर्जात ‘तंबू’ हा शब्द टाळा. लाकडी सांगाड्याचं, कापडी आवरणाचं वर्तुळाकार घर, असं लिहा. ते खरंही आहे.

तपासणीचे टप्पे आधीच ठरवून घ्या. पाया ओतण्याआधी, बोल्ट आवळल्यावर, आणि अस्तर लावण्याआधी. यर्ट एका दिवसात झाकला जातो आणि मग सांधे दिसत नाहीत. उत्साहाच्या भरात कापड चढवलं तर ते उतरवून दाखवावं लागतं.

लाकूड सुकतं तशी केबल सैल होते. पहिल्या हिवाळ्याच्या आधी आणि नंतर टर्नबकल, म्हणजे केबल आवळायचा फिरकीचा सांधा, तपासा, आणि ती तारीख त्याच फाइलमध्ये टिपून ठेवा. कापड बदलायची वेळ येईल तेव्हा नव्या कापडाचं ज्वालाचाचणी प्रमाणपत्रही त्याच फाइलमध्ये लावा.